नसलेल्या दगडाचे पर्यटन

एकदिवसीय सहल, म्हणजे सकाळी घर सोडून रात्री त्याच घरी परतण्याचा आणि मधल्या वेळात कुठेतरी जाऊन आल्याचा पुरावा गोळा करण्याचा जो प्रकार आहे, त्यासाठी प्रेक्षणीय स्थळ निवडताना एक अट न सांगता पाळली जाते, ती अशी की जे पाहायचे ते त्या जागी असले पाहिजे. किल्ला असतो, देऊळ असते, धबधबासुद्धा निदान गोकुळाष्टमीपर्यंत असतो. पुणे जिल्ह्याच्या दौंड तालुक्यातील यवत गावाहून शिरूरमार्गे ८०-९० किलोमीटरवर असलेले निघोजचे रांजणखळगे या अटीत बसत नाहीत. रांजणखळगा म्हणजे नदीच्या खडकाळ पात्रात पाण्याच्या भोवऱ्याने आणि त्या भोवऱ्यात अडकलेल्या गोट्यांनी कोरून काढलेला, गोल तोंडाचा, उभट पोटाचा खड्डा. त्यामुळे तिथे पाहण्यासारखे जे आहे ते म्हणजे कुकडी नदीने खडकातून काढून नेलेला दगड, आणि तो काढून नेलेला असल्यामुळे तो तिथे नाही. खडक तर यवतपासून निघोजपर्यंत जागोजाग आहे आणि त्याच्याकडे कुणी ढुंकूनही पाहत नाही. जिथे तो नाही तेवढीच जागा पाहण्यासाठी मात्र दोन गाड्या ठरवून, डबे भरून आणि लहान मुलांना उलटीची गोळी देऊन माणसे भल्या पहाटे निघतात, किंवा निघायचे ठरवतात.

याच्या नेमका उलटा प्रकार पश्चिम ऑस्ट्रेलियात सापडतो. पर्थ शहराच्या उत्तरेस सुमारे २०० किलोमीटरवर, सर्व्हान्टिस नावाच्या किनाऱ्यावरील लहानशा गावाजवळ, नॅम्बुंग राष्ट्रीय उद्यानात ‘पिनॅकल्स’ या नावाने ओळखला जाणारा पिवळ्या वाळूचा मुलूख आहे, आणि त्या वाळूतून चुनखडीचे हजारो सुळके वर आलेले आहेत, काही गुडघ्याइतके तर काही माणसाहून उंच. शिंपल्यांच्या चुऱ्याची वाळू वाऱ्याने किनाऱ्यावर आणून टाकली, पावसाच्या पाण्याने तिच्यातला चुना विरघळवून खाली नेऊन पुन्हा घट्ट केला आणि पुढे वाऱ्यानेच सैल वाळू उडवून नेऊन घट्ट झालेला भाग उघडा पाडला, असे त्याचे ढोबळ स्पष्टीकरण दिले जाते. पर्थमध्ये स्थायिक झालेल्या मराठी माणसाकडे गावाहून आईवडील आले की त्यांना एखाद्या रविवारी तिकडे नेणे ओघानेच येते, आणि सुळक्यांमधून गाडी फिरवण्यासाठी सुमारे ४ किलोमीटरची गोल वाट आखलेली असल्याने गुडघेदुखीच्या वयातही गाडीतून न उतरता सृष्टीचा चमत्कार पाहता येतो. सुळक्याची सोय अशी की त्याला टेकून उभे राहता येते, त्याच्याशी उंची मापता येते, आणि मराठी माणूस बरोबर असल्यास त्यातल्या एकात तरी गणपती दिसतोच. खळग्यात गणपती दिसत नाही. पिनॅकल्सला समुद्र जवळ आहे हे खरे, पण समुद्राच्या बाबतीत निघोजचा दावाही अगदीच कोरडा नाही. कुकडी नदी उगम पावते ती जुन्नर तालुक्यात नाणेघाटाच्या परिसरात, म्हणजे अरबी समुद्रापासून सरळ रेषेत मोजल्यास १०० किलोमीटरच्या आत. पण हाताशी असलेल्या त्या समुद्राकडे पाठ फिरवून ती आधी घोड नदीला, मग तिच्यासोबत भीमेला आणि भीमेसोबत कृष्णेला मिळून अख्खे दख्खन ओलांडते आणि थेट बंगालचा उपसागर गाठते. जवळचे सोडून लांबचे पाहायला जाण्याची तिच्या काठच्या लोकांची आवड पाहता ही सवय कुणी कुणाची उचलली, हे सांगणे अवघड आहे.

ज्याला शास्त्रीय भाषेत पर्जन्यछायेचा प्रदेश म्हणतात, म्हणजे सह्याद्रीने पावसाचे ढग अडवून पश्चिम उतारावरच रिकामे करून घेतल्यानंतर पूर्वेला जो कोरडा पट्टा उरतो, त्यात दौंड, शिरूर आणि पलीकडचा पारनेर हे तिन्ही तालुके मोडतात. घाटमाथ्यावर वर्षाकाठी काही हजार मिलिमीटर पाऊस पडत असता या तालुक्यांच्या वाट्याला ५०० मिलिमीटरच्या आसपास येतो, आणि तोही पेरणीचा मुहूर्त चुकवून येतो. यवतला हे जाणवत नाही याचे कारण ब्रिटिश अमदानीत, १८७० च्या दशकात, खडकवासल्याला बांधलेले धरण आणि त्यातून निघालेला मुठेचा उजवा कालवा. त्या पाण्यावर ऊस आला, उसाबरोबर गुऱ्हाळे आली आणि महामार्गाने जाणाऱ्या प्रवाशाला काकवीच्या वासावरून गाव कोणते ते कळू लागले. ज्या गावाला पाणी दारात मिळते त्याला पाण्याने दगडाचे काय होते, हे पाहायला दुसऱ्याच्या नदीवर जावे लागते. खळग्यांशी यवतकरांचा परिचय मात्र जुना आहे. गावाजवळच्या डोंगरावर, पुरंदर तालुक्याच्या हद्दीत, भुलेश्वराचे यादवकालीन शिल्पसमृद्ध मंदिर असून तिथल्या पिंडीची शाळुंका उचलली की खाली खळगा आहे. त्यात ठेवलेल्या पेढ्यांपैकी एखादा देव खातो आणि खाल्ल्याचा आवाजही ऐकू येतो, अशी श्रद्धा पंचक्रोशीत आहे. तेव्हा एखाद्या पोकळीपुढे आदराने वाकून उभे राहण्याचे शिक्षण यवतच्या मुलाला निघोजला जाण्याआधीच मिळालेले असते.

सहलीचा संयोजक म्हणजे ‘कुठेतरी जाऊ या का’ असे सर्वांदेखत बोलून बसलेली व्यक्ती. बहुधा ती घरातला धाकटा भाऊ किंवा नुकताच जावई झालेला गृहस्थ असते. संयोजक सहाची वेळ जाहीर करतो तेव्हा त्याच्या मनात साडेसात असतात, ऐकणाऱ्यांच्या मनात आठ असतात आणि प्रत्यक्षात निघताना साडेआठ वाजतात. जुने जाणते संयोजक म्हणूनच पहाटे पाच सांगतात, पण मग लोकांना त्यांचाही हिशेब पाठ होतो. उशिराचे मुख्य कारण डबे हे होय. ज्या यवतने संत तुकाराम महाराजांच्या पालखीबरोबर येणाऱ्या वारकऱ्यांच्या मोठ्या समुदायाला मुक्कामाच्या रात्री पिठले-भाकरी जेवू घालण्याची परंपरा चोख चालवली आहे, त्याच यवतच्या एखाद्या घराला बारा माणसांच्या दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि तिखटमिठाच्या पुऱ्या बांधताना घाम फुटावा, ही गोष्ट वरवर पाहता विसंगत वाटते. पण वारकरी पुढ्यात येईल ते गोड मानून घेतो आणि घरचा माणूस कढईत डोकावून जातो, हा फरक लक्षात घेतला म्हणजे विसंगती उरत नाही. ‘वहिनी, आता फक्त पाचच मिनिटं हं,’ असे संयोजक अंगणातून ओरडतो, ‘तुम्ही गाडी वळवून तर लावा भाऊजी,’ असे आतून उत्तर येते, आणि गाडी वळवून लावली की तिच्या आड दुसरी गाडी अडकल्याचे उघडकीस येते. आत्याबाई मात्र पहाटेपासून तयार होऊन ओट्यावर बसलेल्या असतात आणि आपण तयार आहोत हे दर दहा मिनिटांनी सांगत असतात, त्यामुळे उशिराच्या चौकशीत त्या निर्दोष सुटतात.

यवतहून महामार्गाने पूर्वेला निघाले की पहिला महत्त्वाचा टप्पा केडगाव-चौफुला. इथे महामार्ग सोडून डावीकडे वळायचे असते, आणि पाटसचा टोलनाका त्याच्या पुढे राहत असल्यामुळे टोल वाचतो. या वाचलेल्या रकमेबद्दलचे समाधान ती रक्कम चौफुल्यालाच वड्यांवर खर्च होईपर्यंत टिकते, कारण घरून बांधलेले डबे तिथे पोहोचल्यावर उघडायचे आणि जाताना बाहेरचे खायचे, हा सहलीचा सार्वत्रिक नियम आहे. चौफुला हे लावणीच्या कला केंद्रांसाठी सर्वदूर माहीत असलेले ठिकाण असल्याने गाडी तिथून जात असताना पुढच्या सीटवरील वडीलधाऱ्यांचे सारे लक्ष अकस्मात बोरमलनाथाच्या मंदिराकडे लागते आणि त्या देवस्थानाचे माहात्म्य ते एरवीपेक्षा जरा मोठ्या आवाजात सांगू लागतात. केडगावात पंडिता रमाबाईंनी उभारलेले मुक्ती मिशन आणि नारायण महाराजांचे बेट अशी दोन्ही ठिकाणे आहेत. दोन्हीकडे ‘येताना थांबू’ असे एकमताने ठरते आणि येताना अंधार पडलेला असतो. पुढे पारगावला भीमा ओलांडली की दौंड तालुका मागे पडून शिरूर सुरू होतो.

पारगाव ते न्हावरे या टप्प्यात कुठेतरी रस्त्यावर एखादा धक्का बसतो आणि ‘खड्डेच बघायचे होते तर एवढ्या लांब कशाला जायचं?’ हा विनोद होतो. निघोजला गेलेल्या प्रत्येक गाडीत हा विनोद झालेला आहे, आणि अभ्यासकांनी आता फक्त तो न्हावऱ्याच्या अलीकडे होतो की पलीकडे एवढेच नोंदवायचे बाकी आहे. रस्ता अलीकडे बऱ्यापैकी झाला असल्यामुळे काही वेळा विनोदाला धक्का उपलब्ध होत नाही आणि तो तसाच, विनाकारण करावा लागतो. शिरूर, ज्याला जुनी माणसे अजून घोडनदी म्हणतात, तिथे चहा होतो, आणि शेवटच्या वीस-पंचवीस किलोमीटरांसाठी वाट विचारली जाते. ‘रांजणखळगे’ म्हटल्यावर समोरचा क्षणभर थांबतो आणि ‘कुंडावर जायचंय व्हय?’ असे विचारून गाडीतल्या सर्वांची मान खाली घालायला लावतो, कारण स्थानिक माणसाच्या लेखी त्या जागेचे नाव कुंड हेच आहे आणि दुसरे नाव पुस्तकातून आलेल्यांसाठी आहे.

पुस्तकातून आलेल्यांची संख्या थोडी नाही. महाराष्ट्रातील शालेय भूगोलात नदीच्या झीजकार्याचा पाठ आला की रांजणखळग्याच्या उदाहरणादाखल निघोजचे नाव येते, स्पर्धा परीक्षांच्या मार्गदर्शकांत ते ठळक अक्षरांत छापलेले असते, आणि त्यामुळे एक गुण मिळवून देणारे स्थळ म्हणून निघोजची ओळख जितकी पक्की आहे तितकी महाराष्ट्रातल्या फार थोड्या गावांची असेल. गाडीतला जो पुतण्या तीन वर्षांपासून त्या परीक्षा देत असतो त्याला एरवी कुणी बोलू देत नाही, पण या दिवशी अधिकार त्याचा असतो. नदी कुकडी, तालुका पारनेर, जिल्हा अहिल्यानगर, जुने नाव अहमदनगर, असे तो चार पर्याय वाचून दाखवल्याच्या स्वरात सांगतो. त्याला पुष्टी म्हणून मामा ‘आशियातले सर्वांत मोठे आहेत ते’ ही भर घालतात. काही मामा जगातले म्हणतात आणि काही गिनीज बुकाचा हवाला देतात, आणि हे दावे बातम्यांतून, फलकांवरून, तोंडातोंडी इतके फिरले आहेत की त्यांच्यावर शंका घेणाराच तालुक्याचा द्वेष्टा ठरतो. वास्तविक दक्षिण आफ्रिकेत म्पुमलांगा प्रांतात ट्रूर आणि ब्लाइड या नद्यांच्या संगमावर ‘बर्क्स लक’ नावाचे असेच नामांकित खळगे आहेत, स्वित्झर्लंडच्या ल्युसर्न शहरात हिमनदीच्या वितळलेल्या पाण्याने कोरलेले खळगे १८७२ मध्ये उजेडात आल्यावर त्यांच्याभोवती बागच उभारण्यात आली, आणि मोठेपणा ठरवायचा तर तो तोंडाच्या व्यासावर, खोलीवर की एकूण संख्येवर, हा प्रश्न आधी सोडवावा लागेल. मामांना हा प्रश्न विचारला असता त्यांनी ‘सगळ्याच बाबतीत’ असे उत्तर दिल्यास आश्चर्य वाटू नये.

गाडी लावून, प्रसादाच्या आणि उसाच्या रसाच्या दुकानांवरून पुढे गेले की सपाट माळच दिसत राहतो, आणि नदी कुठे आहे असे विचारेपर्यंत ती पायाखाली येते. कुकडीने पात्राच्या काळ्या खडकात खोल, अरुंद घळ पाडलेली आहे आणि घळीच्या काठांवर व पोटात शेकडो खळगे आहेत, काही घागरीच्या तोंडाएवढे, काही असे की त्यात उभा माणूस दिसेनासा व्हावा. हा खडक म्हणजे बसाल्ट, अर्थात ज्वालामुखीच्या लाव्हारसापासून बनलेला. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी दख्खनच्या पठारावर भेगांतून जो लाव्हा पुन:पुन्हा पसरत राहिला त्याच्या थरांवर थर बसून महाराष्ट्राचा बहुतेक भाग तयार झालेला आहे. लाव्हा थंड होताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले आणि खडक आकसल्यामुळे त्याला भेगा गेल्या. बुडबुड्यांच्या पोकळ्यांत पुढे पांढरी खनिजे भरली, आणि अशा कमजोर जागा नदीला बरोबर सापडल्या. पुराच्या वेगवान पाण्यात अडथळ्याशी भोवरा होतो, भोवऱ्यात गोटा सापडतो, गोट्याच्या फिरण्याने खोलगा पडतो, आणि एकदा खोलगा पडला की भोवऱ्याला कायमची जागा मिळून पुढच्या पुरातला गोटाही तिथेच अडकतो. गुऱ्हाळात चरकाला जुंपलेला बैल दिवसभर चालून कुठेच पोहोचत नाही आणि तरी संध्याकाळी कायलीत रस असतो, तसाच हा गोटा. मात्र या गुऱ्हाळात बैलही झिजून संपतो, म्हणून नदीला दर पावसाळ्यात नवे गोटे आणावे लागतात. दोन शेजारच्या खळग्यांमधली भिंत झिजत झिजत फुटली की ते एक होतात, असे अनेक एकत्र आले की सलग चर पडतो, आणि घळ पडण्यात या जोडाजोडीचा वाटा मोठा आहे.

एखाद्या उथळ खळग्याच्या काठावर बसून आत पाहिले तर हा सारा कारखाना बंद अवस्थेत दिसतो. काठ हाताला गुळगुळीत लागतो, आतली भिंत सरळ खाली न जाता किंचित मळसूत्री वळण घेत उतरते, काळ्या दगडात पांढरे ठिपके आरपार कापले गेल्यासारखे सपाट दिसतात, आणि तळाशी हिरवट पाण्यात तीन-चार गोटे पडलेले असतात, अंड्यासारखे गोटीव, कुठेही कंगोरा नसलेले. हे गोटे म्हणजे ज्यांनी खळगा केला ती हत्यारे, किंवा त्यांच्या मागून कामाला लागलेली. त्यांच्या शेजारी चिप्सची पुडी, पाण्याची बाटली आणि नवसाची नाणी असतात. यांतली नाणी आणि गोटे पुढच्या पुरात पुन्हा फिरू लागतील. बाटली मात्र तरंगून शिरूरकडे जाईल, कारण झीजकार्यासाठी वजन लागते.

प्रेक्षणीय वस्तू नसल्याची खरी अडचण छायाचित्राच्या वेळी कळते. किल्ल्यासमोर उभे राहिले की मागे किल्ला येतो, पण खळग्यासमोर उभे राहिलेल्या माणसाच्या पायांआड खळगा जातो आणि चित्रात माळावर उभा असलेला एक गृहस्थ उरतो, जो यवतच्या कोणत्याही बांधावर उभा करता आला असता. खळगा दिसावा म्हणून वरून चित्र काढले तर माणसाचे डोके आणि टक्कल तेवढे येते. खळग्याची खोली कळावी म्हणून आत कुणाला तरी उतरवावे, अशी सूचना यानंतर न चुकता पुढे येते, आणि इथे थट्टा थांबवून सांगायला हवे की हे अतिशय धोक्याचे आहे: काठ गुळगुळीत असतात, आत शेवाळे असते, तोंडापेक्षा पोट रुंद असल्यास वर येताना पकड मिळत नाही, आणि घळीतल्या पाण्याचा ठाव काठावरून लागत नाही. तसे इशारे जागेवर आहेत. त्यांच्यासमोर उभे राहून मात्र छायाचित्र छान येते, कारण फलक ही निदान असलेली वस्तू आहे.

पोकळीची ही अस्वस्थता माणसे निरनिराळ्या मार्गांनी भरून काढतात. कुणी एका खळग्याला तोंड लावून हाक मारतो आणि आवाज घुमला की सुखावतो. लहान मुले दगड टाकून ‘डुबुक’ ऐकतात आणि आपण नदीच्याच कामाला हातभार लावत आहोत हे त्यांना कुणी सांगत नाही. काका खळग्यात किती लिटर पाणी मावेल याचा अंदाज बांधतात, त्यावरून ठिबक सिंचनाने किती एकर भिजेल यावर येतात आणि तिथून कुकडीच्या आवर्तनावर घसरतात. आवर्तन म्हणजे धरणातून ठरावीक मुदतीने सोडले जाणारे पाणी, आणि कुकडी प्रकल्पाच्या येडगाव, माणिकडोह, डिंभे, वडज व पिंपळगाव जोगे या धरणांच्या पाण्यावर पुणे, अहिल्यानगर आणि सोलापूर अशा तीन जिल्ह्यांचा डोळा असल्यामुळे हा विषय एकदा निघाला की सहल संपेपर्यंत पुरतो. गाडीतली माणसे मुठेच्या कालव्यावर जगणारी असली तरी कुकडीच्या पाण्याबद्दल त्यांची मते ठाम असतात. नदीने दगड कसा कापला, याकडे पाठ करून तिचे पाणी कुणी पळवले यावर चाललेली ही चर्चा नेमकी घळीच्या काठावर उभे राहून होते, आणि ऐकणाऱ्याला क्षणभर वाटावे की खळगेही कुणीतरी टेंडर काढून केले असावेत.

वादाला जागाही अनुकूल आहे, कारण कुकडी इथे सरहद्द होते: एका काठाला शिरूर तालुक्यातील टाकळी हाजी, म्हणजे पुणे जिल्हा, आणि दुसऱ्या काठाला पारनेर तालुक्यातील निघोज, म्हणजे अहिल्यानगर. दोन्ही काठ जोडणारा एक झुलता पूल असून त्याच्या मधोमध उभे राहिलेला माणूस कोणत्या जिल्ह्यात आहे हे पुलाच्या हेलकाव्यावर अवलंबून असावे असे वाटते. खळगे मधल्या पात्रात आहेत. नाव मात्र निघोजचे झाले, ते पुस्तकात छापले गेले, आणि टाकळी हाजीकराने ‘अहो, अर्धे आमचे आहेत’ असे कितीही सांगितले तरी परीक्षेत त्या उत्तराला गुण नाही. एखादी गोष्ट असेल तर तिची वाटणी करता येते, सात-बारावर नोंद लावता येते. जी काढून नेलेली आहे तिच्यावर हक्क सांगणाऱ्या दोन गावांची पंचाईत सहानुभूतीने समजून घ्यायला हवी.

मळगंगा देवीला मात्र सरहद्द लागू नाही. तिचे ठाणे कुंडाच्या परिसरात आहे, निघोज गावातही तिचे मंदिर आहे, आणि चैत्रातल्या यात्रेत गावच्या बारवेतून देवीची घागर वर येते अशी भाविकांची श्रद्धा असल्याने त्या वेळी मोठी गर्दी लोटते. बारव म्हणजे पायऱ्यांची, दगडात बांधलेली विहीर. भूगोलाचे पुस्तक घेऊन आलेल्या मंडळींना खळगे पाहून झाल्यावर आत्याबाई ‘देवीचं दर्शन राहिलं ना’ याची आठवण करून देतात, आणि मग उघड होते की त्या खळगे पाहायला आलेल्याच नव्हत्या. त्यांनी ओटीचे सामान यवतहूनच बांधून आणलेले असते, एक नारळ जास्तीचा घेतलेला असतो, घळीकडे त्यांनी एकदाच पाहून ‘आगं बया’ म्हटलेले असते, आणि सबंध सहलीत जे पाहायला निघालो ते पाहून परतणारी एकमेव व्यक्ती त्याच ठरतात.

केव्हा जावे, याविषयी जाणकारांत एकवाक्यता नाही. भर पावसाळ्यात पाणी पात्र भरून वाहते आणि खळगे त्याखाली जातात, म्हणजे कारखाना चालू असतो तेव्हा पाहणाऱ्याला प्रवेश नसतो. उन्हाळ्यात सारे उघडे पडते, पण काळा कातळ असा तापतो की चप्पल काढून देवळात जाईपर्यंत भक्ती पणाला लागते, आणि त्याच सुमारास आवर्तन सुटले असेल तर पुन्हा पाणी. उरतात दिवाळीनंतरचे दोन-अडीच महिने. ते हवामानाच्या दृष्टीने उत्तम असले तरी तेव्हा लग्नाच्या तिथी असतात, साखर कारखान्यांची तोड चालू असते आणि शाळेची सहल तर नेमकी निघोजलाच गेलेली असते. सबब यवतचा माणूस एप्रिलच्या सुट्टीत जातो, बाराच्या उन्हात पोहोचतो आणि ‘हे जरा लवकर निघालो असतो तर’ असे प्रत्येक जण दुसऱ्याकडे पाहून म्हणतो.

जेवण सावली शोधून होते आणि ते या सहलीतले निर्विवाद यश असते. दशम्या, चटणी, कैरीचा तक्कू आणि शिरूरच्या एखाद्या नातलगाने वाटेत आग्रहाने दिलेला मासवडीचा डबा, बेसनाच्या पारीत तीळ-खोबऱ्याचे सारण भरून केलेल्या त्या वड्या झणझणीत रश्शात बुडवून खाल्ल्यावर, मघाच्या भूगर्भशास्त्राबद्दलचे सर्वांचे मत अनुकूल होते. परतीच्या वाटेवर मुले झोपतात, पुतण्याचा अधिकार संपतो आणि मागच्या सीटवर हिशेब सुरू होतो: डिझेल, चहा, वडे, रस, पार्किंग, नारळ. नारळ सामाईक धरायचा की ज्याचा त्याचा, यावर पारगावच्या पुलापर्यंत एकमत होत नाही. जावयांकडून वर्गणी घेऊ नये असे सासरे म्हणतात, संयोजक तेच जावई असल्यामुळे ते ‘छे छे, असं कसं मामा’ म्हणून खिशात हात घालतात, आणि तो हात बाहेर येईपर्यंत विषय बदललेला असतो.

या सगळ्यात गाडीच्या चालकाने खळगे पाहिलेले नसतात, कारण कुंडाजवळच्या मोकळ्या जागेत त्याच्या गाडीला लिंबाच्या झाडाखाली जागा मिळालेली असते आणि ती सोडून आत गेल्यास दुसऱ्या कुणाची गाडी तिथे लागण्याचा धोका असतो. यवतमध्ये उतरताना ‘तुम्ही काहीच बघितलं नाही हो, अण्णा’ असे कुणी हळहळून म्हटले, तर सुट्टीच्या दिवसांत आपण दर आठवड्याला कुणाला ना कुणाला तरी घेऊन तिकडे जातो आणि सावली आजवर एकदाही चुकलेली नाही, असे तो सांगतो आणि सीटखाली राहिलेला मासवडीचा डबा काढून हातात देतो.